सरकारी शाळेतही हे जमतं

नेहमीची शाळा सोडून प्रयोगशील शाळेत गेलेल्या शिक्षिकेचा अनुभव आवडला. मात्र ‘मुख्य प्रवाहात राहून काही करता येत नाही’ हे त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. मी आधी जळगावात एका प्रयोगशील शाळेत होतो, आता चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिथं पालक शिकलेले, फी भरणारे. इथं घरात अहिराणी नाहीतर पावरी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. कापूस वेचणी सुरू झाली की पटावरची निम्मी पोरं धाकट्या भावंडांना राखत बसतात.

चौथीतल्या एका मुलीला ‘काल का आली नाहीस?’ विचारलं तर खाली मान. तेच अहिराणीत विचारलं तर म्हणाली, “माय कापूस येचाले गई व्हती.” मग किलोमागे मजुरी किती, काट्यावर कोण उभं राहतं, सगळं घडाघडा सांगितलं. गुणाकार मी त्या मजुरीवरच घेतला. एरवी गप्प बसणारी पोरं फळ्यावर गणित मांडायच्या आत उत्तरं देत होती!

शक्य तिथं मातृभाषेतून शिकवा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. साने गुरुजी 1924 पासून अमळनेरला शिकवत होते, तेही नेहमीच्याच हायस्कुलात. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे.

आमचा वेळ खातात ती ऑनलाइन माहित्या आणि अशैक्षणिक कामं. ती कमी करा, एवढंच मागणं आहे.