इथून इथपर्यंत

कराडला माझ्या भावाचा मुलगा नववीत आहे. सेमी इंग्रजीत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आत्या, धडा वाचून दाखवतो, ऐक." धडा कार्य आणि ऊर्जेचा. वाचन सफाईदार, उच्चार माझ्यापेक्षा बरे. परिच्छेद संपल्यावर मी विचारलं, "डिस्प्लेसमेंट म्हणजे काय रे?" त्यानं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. पेन्सिलीचे दोन कंस होते. "हे बघ, मॅडमनी इथून इथपर्यंत उत्तर दिलंय."

मग मी मराठीत सांगितलं, की डोक्यावर पोतं घेऊन हमाल नुसता उभा असेल, तर विज्ञानाच्या हिशेबानं त्यानं काहीच कार्य केलेलं नसतं, कारण पोतं जागचं हललेलं नाही, म्हणजे डिस्प्लेसमेंट शून्य. तो थांबला आणि म्हणाला, "मग त्याला पैसे कशाचे देतात?"

मला वाटतं, तो धडा त्याच क्षणी सुरू झाला. कंसांच्या बाहेर.

ते कंस मी चांगले ओळखते. सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नऊ वर्षं विज्ञान शिकवलं आणि असे हजारो कंस मुलांना घालून दिले. 'कार्य' शिकवताना वर्ग हसायचा, कारण आमच्याकडे कार्य म्हणजे लग्न. घरात कार्य असलं की पोरगं आठवडाभर शाळेत दिसायचं नाही. मीही हसायचे आणि पुढे जायचे. बल, शक्ती, ऊर्जा हे तीन शब्द घरी एकाच अर्थानं वापरले जातात आणि विज्ञानात मात्र तीन निराळ्या गोष्टी होतात, हे फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हा वाटायचं, शब्दांचं काम मराठीच्या बाईंचं. माझं काम पोर्शन संपवायचं.

गेली अकरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथून मराठी वर्तमानपत्रं रोज वाचते. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि महिनाअखेरीला मागेही घेतला गेला, तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन महिने दुसरा विषय नव्हता. मीही हिरिरीनं लिहीत होते आणि माझं मत आजही तेच आहे: पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये. पण लिहिता लिहिता एक गोष्ट खटकायला लागली. आपली सगळी भांडणं शाळेच्या फाटकापाशी होतात. कुठलं माध्यम, कितव्या भाषेचा तास, पहिलीपासून की पाचवीपासून. २०२०च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण सक्ती झाली ती एका तासाची. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या साक्षरता मोहिमेचं वाचनाचं उद्दिष्ट तिसरीपर्यंतचं. तिसरीनंतर पोराला वाचता येतं असं आपण धरून चालतो आणि सातवी-आठवीत त्याच्यापुढे असा मजकूर ठेवतो, ज्याच्या एका ओळीत चार नवे शब्द असतात. तो कसा वाचायचा हे कुणाच्याच वेळापत्रकात नाही. 'असर' या शिक्षणविषयक देशव्यापी अहवालाच्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्याच भाषेत सफाईनं वाचता आला नाही. हे आकडे आले की आपण प्राथमिकच्या शिक्षकांना धरतो. माझ्यासारख्या हायस्कूलच्या विज्ञानवाल्या नामानिराळ्या.

आता इंग्लंडनं यावर फार मोठा तीर मारलाय असं समजू नका. वाद इथला जुना. इथे प्रत्येक शिक्षक इंग्रजीतून शिकवतो, म्हणून तो इंग्रजीचाही शिक्षक आहे, असं जॉर्ज सॅम्पसन या शिक्षणतज्ज्ञानं १९२१ साली लिहिलं. मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना १९७२मध्ये अ‍ॅलन बुलक या इतिहासकाराच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७५ला तिचा अहवाल आला. त्यात स्पष्ट होतं, की भाषा सगळ्या विषयांतून शिकवायची आणि प्रत्येक शाळेनं त्याचं धोरण ठरवायचं. अहवालाचं सगळ्यांनी कौतुक केलं. पन्नास वर्षं झाली, आणि आमच्या स्टाफरूममध्ये आजही एक भूगोलवाले गृहस्थ चहा ढवळत म्हणतात, "स्पेलिंगच शिकवायचं असतं, तर मी इंग्रजी घेतलं असतं." कराड काय आणि बर्मिंगहॅम काय, स्टाफरूम ती स्टाफरूम.

मी आले तेव्हा शाळेत भाषेची मोहीम जोरात होती. व्हरांड्यात 'आठवड्याचा शब्द' लावलेला. तो शब्द प्रत्येकानं आपल्या तासाला एकदा तरी वापरायचा. एकदा शब्द होता 'दुटप्पी' या अर्थाचा. पीटीचे सर तो फुटबॉलच्या मैदानावर ओरडून मोकळे झाले. वह्या तपासताना चुकीच्या स्पेलिंगसमोर समासात 'एसपी' लिहायचं, नवा परिच्छेद हवा तिथे दोन तिरप्या रेघा मारायच्या. मी इमानानं वर्षभर रेघा मारल्या. मुलांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हजेरीच्या वेळेत वर्गशिक्षकानं वीस मिनिटं कादंबरी वाचून दाखवायची आणि मुलांनी आपापल्या प्रतीत ओळीखाली पट्टी धरून मागोमाग सरकायचं, असाही उपक्रम आहे. तो मात्र मला आवडतो. गणिताचे रुक्ष सर भुताची गोष्ट वाचताना आवाज बदलतात तेव्हा तीस पट्ट्या एकदम थांबतात.

खरा फरक पडला तो विचार जरा बदलल्यावर. अमेरिकेत टिमथी आणि सिंथिया शॅनहन या दांपत्यानं २००८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गणितज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि इतिहासकार आपापल्या विषयातलं वाचतात तरी कसं, हे त्यांनी त्या त्या मंडळींकडूनच जाणून घेतलं. इतिहासकार आधी बघतो, कुणी लिहिलंय आणि त्याचा काय स्वार्थ. रसायनवाला मजकूर, सूत्र आणि आकृती यांच्यात सारखा ये-जा करतो. गणितवाला एकेका शब्दावर अडतो, कारण तिथे एक अव्यय इकडचं तिकडे झालं तरी सिद्धता पडते. म्हणजे 'वाचन' हे एकच कौशल्य सगळीकडे चालवायचं नसतं. विज्ञान कसं वाचायचं ते विज्ञानवालीलाच माहीत, मग तिनंच शिकवायला हवं. इथल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या शिक्षण-संशोधनाच्या संस्थेनं माध्यमिक शाळांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यात पहिली हीच होती. ही मांडणी झाल्यावर आमच्या भूगोलवाल्यांची धार जरा बोथट झाली. स्पेलिंग त्यांचं काम नसेल, पण नकाशाखालचा मजकूर वाचायला शिकवणं दुसऱ्या कुणाचं असणार?

आता माझ्या वर्गातलं. दहावीच्या वयाची मुलगी, घरी पोलिश बोलतात. प्रयोग असा: संगमरवराचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे, निघणारा वायू मोजायचा, आलेख काढायचा. रेषा चढते आणि पुढे आडवी होते. प्रश्न होता, असं का होतं ते स्पष्ट करा. तिनं लिहिलं: वायू आधी पटापट येतो, नंतर हळूहळू, मग थांबतो. गुण शून्य, कारण हे वर्णन झालं. मी तोंडी विचारलं, "का थांबतो?" तर लगेच म्हणाली, "आम्ल संपतं ना." रसायन तिला येत होतं. 'वर्णन करा' आणि 'स्पष्ट करा' या दोन हुकमांत काय फरक आहे, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्यावर मी एक साधा खेळ करते. एक वाक्य द्यायचं आणि ते तीनदा पुरं करायचं. वायू येणं थांबलं, कारण आम्ल संपलं. वायू येणं थांबलं, पण संगमरवर शिल्लक होता. वायू येणं थांबलं, म्हणून आलेखाची रेषा आडवी झाली. 'कारण'नं रसायन तपासलं जातं, 'पण'नं निरीक्षण, 'म्हणून'नं आलेख. दहा मिनिटं. खडूफळ्यावर जमेल असं काम आहे, यंत्र लागत नाही.

हे करताना एक दिवस मला लख्ख आठवलं, अरे, हे तर आपलं 'शास्त्रीय कारणे लिहा'! पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, का? आंबट पदार्थांची पितळेतल्या तांब्याशी अभिक्रिया होते, विषारी संयुगं तयार होतात, कल्हईनं अन्न आणि धातू यांच्यात थर येतो. कारणाची साखळी भाषेत कशी ओवायची याचा हा नमुनेदार व्यायाम आपल्या प्रश्नपत्रिकेत आमच्या आईच्या वेळेपासून आहे. 'फरक स्पष्ट करा', 'टीप लिहा' हेही तसेच, प्रत्येकाचा घाट निराळा. इंग्रजांना हे प्रकार मुद्दाम शोधून काढावे लागले. आपल्याकडे ते होते आणि आपण ते गाइडवाल्यांच्या हवाली केले. आता कल्हईचं उत्तर चार ओळींत पाठ असतं. कल्हईच का, दुसरा एखादा धातू का नाही, असं विचारलं की साखळी तुटते.

शब्दांचंही तेच. इथे मी 'फोटोसिंथेसिस' फोडून सांगते तेव्हा ग्रीकपर्यंत जावं लागतं, आणि ग्रीक कुणाच्याच घरी बोलत नाहीत. मराठीत प्रकाशसंश्लेषणातला प्रकाश पोराच्या घरात असतो. राहिला 'श्लेष', तो मराठीच्या तासाला अलंकार म्हणून भेटलेला असतो: एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले. संश्लेषण म्हणजे एकत्र चिकटवणं, विश्लेषण म्हणजे चिकटलेलं सोडवणं. एकच पोरगं पहिल्या तासाला श्लेष शिकतं, तिसऱ्या तासाला संश्लेषण पाठ करतं आणि पाचव्या तासाला इतिहासात 'विश्लेषण करा' वाचून बावरतं, आणि हे तिन्ही एकाच घरचे आहेत हे सांगणारं शाळेत कुणी नसतं. मी तरी नऊ वर्षांत सांगितलं नाही, कारण मला स्वतःला ते इथे आल्यावर सुचलं. परिभाषा संस्कृताळलेली, जड, म्हणून विज्ञान इंग्रजीतून घ्या, असं जे पालक म्हणतात त्यांची अडचण मी समजू शकते. पण जो शब्द कुणी उघडूनच दाखवला नाही, तो कुठल्याही भाषेत जडच लागणार. सेमी इंग्रजीत तर उघडायला हातही लागत नाही. माझा भाचा डिस्प्लेसमेंट अस्खलित म्हणतो, तसंच.

इतिहासाबद्दल मी बोलणं आगाऊपणाचं ठरेल, तरी एक सांगते. शिवकाळावरून गटांवर रोज जुंपते. सभासदाची बखर महाराजांनंतर साधारण पंधरा-सतरा वर्षांत जिंजीला लिहिली गेली, चिटणिसांची एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दोघांच्या वाक्यांना एकच वजन द्यायचं का, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला विचारता येतो. आपल्या पाठ्यपुस्तकात 'इतिहासाची साधने' नावाचा धडासुद्धा आहे. त्यावर मुलं काय पाठ करतात? लिखित, भौतिक, मौखिक. तीन मुद्दे, तीन गुण. पुढे मोठेपणी तीच मुलं फॉरवर्ड आलेला मजकूर कुणी लिहिला ते न बघता पुढे ढकलतात, मीही ढकललाय.

हे सगळं माझ्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणीला फोनवर ऐकवलं. तिथे अजून विज्ञानच शिकवते. तिनं निमूट ऐकलं आणि मग म्हणाली, "तुला काय गं, तुझ्याकडे तीस पोरं. माझ्याकडे बासष्ट. त्यात मतदार याद्या, त्यात ऑनलाइन माहिती भरा, त्यात प्रशिक्षण." बोलणं खरं होतं. परदेशात बसून गावाकडच्यांना अक्कल शिकवणाऱ्यांचा मला स्वतःलाच वैताग आहे, त्यामुळे मी गप्प बसले. इथेही सगळं गोड नाही, विज्ञानाचे शिक्षक मिळत नाहीत म्हणून तर माझ्यासारखीला बोलावतात. पण अडचण बासष्टांची असेल, तर कंस घालण्यापेक्षा एक परिच्छेद मोठ्यानं वाचून फोडणं बासष्टांत जास्त जमतं, असं मला अजूनही वाटतं. वाचायला एकच आवाज लागतो.

दहा-बारा दिवसांनी रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे एसटीचा आवाज, म्हणजे घरी जाताना बोललेली. आठवीच्या एका तुकडीत तिनं एक अख्खा तास एकाच परिच्छेदावर घालवला होता. एकेक वाक्य वाचायचं, थांबायचं, 'म्हणजे काय' विचारायचं. मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरानं 'अभिक्रिया' आणि 'प्रक्रिया' यांत फरक काय असं विचारलं, आणि तिलाच दोन मिनिटं विचार करावा लागला. "मजा आली," म्हणाली, "पण धडा राहिला. उद्या साहेब टाचणवही बघणार आहेत. या तासाचं त्यात काय लिहू, तेवढं सांग."