“थोडंसं खाल्लं तर काय होतंय?” हे वाक्य पंगतीतून काढून टाका

आपल्याकडं पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. मराठवाड्यात कुठल्याही दारात जा, घरात नुसतं पीठ आणि मिरची असली तरी भाकरी थापली जाते, ठेचा वाटला जातो आणि “अजून अर्धी घ्या” म्हणत ताटात पडतोच. या आग्रहावर माझं प्रेम आहे, मी त्यातच वाढले. पण याच आग्रहाचा एक प्रकार मला सहन होत नाही. समोरचा माणूस हात जोडून सांगतो, “मला हे चालत नाही,” आणि आपण म्हणतो, “अहो, थोडंसं खाल्लं तर काय होतंय? देव काय बघायला येतोय?”

ज्यानं आयुष्यभर एक नियम सांभाळला त्याला आपण चार माणसांत पेचात पकडतो. खाल्लं तर नेम मोडतो, नाही खाल्लं तर यजमानाचा अपमान. पाहुण्यावर ही वेळ आणणं म्हणजे पाहुणचार नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

त्याहून वाईट म्हणजे खोटं सांगून वाढणं. एका लग्नात माझ्या शेजारी एक जैन आजी बसल्या होत्या. त्यांनी भाजीचं विचारलं. वाढप्यानं आचाऱ्याला न विचारताच “बिनकांद्याची आहे” म्हणून ठोकून दिलं. पहिल्याच घासाला आजींच्या लक्षात आलं. घास पदरात काढून घेतला, चूळ भरली आणि त्या उठल्या, कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या पंगतीत पंचपक्वान्नं होती, पण आजी उपाशी गेल्या. त्या कशानं गेल्या हे यजमानाला आजही माहीत नसेल.

आता येळवशीची गोष्ट सांगते. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी: मार्गशीर्ष अमावस्येला आम्ही सगळे शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पांडवांची पूजा करायची आणि मग भज्जी (तळलेली नव्हे, पालेभाज्या आणि कोवळे दाणे घालून केलेली बेसनाची भाजी), बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलावणं असतं. आमच्या ह्यांचे ठाण्यातले नोकरीतले एक जुने मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना अलिबागकडं ‘शनिवार तेली’ म्हणायचे, तो समाज. नावापुढं गावाचं ‘कर’ लावतात, शुभकार्याला पोह्यांचा मलिदा करून एलियाहू नबीची आठवण काढतात. हे मित्र आता इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक आहेत. सुट्टीला आले होते, आम्ही दोघांना येळवशीला बोलावलं.

मी वहिनींना फोन केला आणि सरळ विचारलं, तुम्ही काय काय पाळता ते मला पहिल्यापासून सांगा. त्या मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, असं कुणी विचारत नाही, सगळे म्हणतात “आमच्याकडं शुद्ध शाकाहारी आहे, तुम्हाला काही अडचण नाही.”

शुद्ध शाकाहारी म्हटलं की सगळ्यांचं सगळं भागतं हा आपला मोठाच गैरसमज आहे. ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, म्हणजे कोशर, नियमांत मांसाचे नियम आहेतच. दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा प्राणीच चालतो, मासा खवल्यांचा आणि परांचा लागतो, बकरा चालत असला तरी तो त्यांच्या पद्धतीनं कापून, रक्त काढून, मीठ लावून घेतलेला असावा लागतो. म्हणजे आपल्या बाजारातलं मटण आणून रस्सा केला तर तो त्यांच्या उपयोगाचा नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, ही आज्ञा तोरात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात, तीनदा आली आहे. त्यावरून मांस आणि दूधदुभतं एका जेवणात घेत नाहीत, भांडीही दोन्हींची वेगळी ठेवतात. कोकणातल्या बेने इस्रायली स्वयंपाकात नारळाचं दूध इतकं का, गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधात का, ते मला तेव्हा नीट समजलं.

आता आमच्या येळवशीत मांस नाहीच, तेव्हा आंबिलीतलं ताक आणि खिरीतलं दूध त्यांना चालणार होतं. प्रश्न भांड्यांचा होता. आमच्या पातेल्यांत एरवी मटणही शिजतं. मातीचं वापरलेलं भांडं तर त्यांच्या नियमात शुद्धच करता येत नाही. मग लातूरच्या गंजगोलाई बाजारातून दोन नवी पातेली, पळी, तवा आणि आंबिलीला कोरं मडकं आणलं. ताटांचा प्रश्न पळसाच्या पत्रावळींनी सोडवला, त्या तर कुणाच्याच उष्ट्या नसतात. यात मला काही जगावेगळं वाटलं नाही. ती पातेली आज रोजच्या वापरात आहेत.

आदल्या संध्याकाळी भज्जीची भाजी निवडायला वहिनी माझ्याबरोबर बसल्या. मी निवडते तशी, पिवळं पान काढायचं, देठ मोडायचं. त्या प्रत्येक पान उजेडाकडं धरून मागून-पुढून बघत होत्या, मग मिठाच्या पाण्यात घालून निथळलेलं पाणीही बघत होत्या. भाजीतला किडा पोटात जाणं त्यांच्यात मनाई आहे. त्यांच्या बोटांचा वेग बघून कळत होतं की हे काम त्या रोज करतात. तुरीचे, वाटाण्याचे दाणेही एकेक करून पाहिले. स्वयंपाकाला वेळ लागला, पण इतकी स्वच्छ भज्जी आमच्या घरात कधी झाली नसेल.

पहाटे गॅसपाशी त्या थोड्या संकोचल्या. म्हणाल्या, “वहिनी, गॅस मी पेटवला तर चालेल का?” कर्मठ ज्यू घरांत शिजवलेल्या अन्नाला ज्यू माणसाचा हात लागलेला असावा लागतो, निदान जाळ तरी त्यानं लावावा. मी लायटर त्यांच्या हातात दिला. आणि नैवेद्याचं सासूबाईंनीच ओळखलं. मूर्तिपूजेत देवाला दाखवलेलं अन्न ज्यूंना चालत नाही, बऱ्याच मुसलमान घरांतही प्रसाद घेत नाहीत. आमच्याकडं पांडवांना दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नाही. पण सासूबाईंनी पूजेआधीच भज्जी, उंडे, खीर वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवली. जेवायला सगळे एकदमच बसले. ऐंशी पार केलेल्या, पंढरीची माळ घातलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

यावर कुणी म्हणेल, हे तर सोवळं-ओवळंच झालं. हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आपल्या मातीत तो टाळता येत नाही. आपल्या गावांत दलितांसाठी हॉटेलात कपबशी वेगळी ठेवलेली असायची, पाणी वरून ओतायचे. ते सोसलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तेव्हा वेगळं भांडं म्हटलं की कुणाच्या पोटात गोळा आला तर ते रास्त आहे.

मी यात एकच बघते, नियमाचा भार कुणावर पडतो. वहिनींचा नियम वहिनींवर होता. काही जमलं नसतं तर त्या केळी आणि पेरू खाऊन हसत आमच्याच पंगतीत बसणार होत्या, तसं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. वेगळ्या कपबशीचा नियम दुसऱ्याला खाली बसवण्यासाठी होता. जाळ लावण्याचा त्यांचा नियम मला पटतो का? पूर्ण नाही. परक्यांशी सोयरीक होऊ नये म्हणून जुन्या धर्मगुरूंनी अशी बंधनं घातली, आणि माणसं लांब ठेवणारं कुठलंही बंधन मला टोचतं. पण शेतात आमच्या सालगड्याच्या बायकोनं ओंजळभर बोरं पुढं केली तेव्हा वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या शेजारी बसून खाल्ली. मला तेवढं पुरेसं आहे. मात्र कुणी पाहुणा म्हणाला की अमक्या जातीच्या हातचं खात नाही, तर त्याच्यासाठी माझ्या घरात नवं पातेलं येणार नाही.

ही समज आपल्याकडं जुनी आहे. माझ्या माहेरी शेजारचं मुसलमान कुटुंब ईदला आम्हाला कोरडं सामान पाठवायचं, शेवया, खारीक, खोबरं, साखर, बदाम. दूध तुमचं, भांडं तुमचं, शिरखुर्मा आमचा. आजी कर्मठ होती, त्यांना ते माहीत होतं, त्यांनी कधी वाईट मानलं नाही. पुढं आम्ही पोरं त्यांच्याच घरात बसून वाट्या चाटूनपुसून खायला लागलो, तेव्हा आजीनंही काही म्हटलं नाही.

जैन पाहुण्यांबद्दल एक गोष्ट फार थोड्या यजमानांना माहीत असते. कंदमूळ नाही, सूर्यास्ताआधी जेवण, हे आपल्याला ठाऊक असतं. कचनेरला, कुंथलगिरीला जाणारे लोक आपल्या घरी उतरतात, तेवढं आपण पाळतो. पण द्विदलाचा नियम? कच्च्या दही-ताकाबरोबर डाळी-कडधान्यं घेत नाहीत. म्हणजे आमची येळवशीची जोडी, बेसनाची भज्जी आणि ताकाची आंबील, ज्यू वहिनींना चालली, ती नेम पाळणाऱ्या जैन पाहुण्याला चालणार नाही. दहीवडाही गेला. तेव्हा भज्जी वाढा नाहीतर आंबील, आणि भज्जीत गाजर, कांद्याची पात, लसूण पडलेला असेल तर आधीच सांगा.

मटणाचा हट्ट तर अशा मिश्र पंगतीत सोडलेलाच बरा. मुसलमानाला हलाल हवं, अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेला, शीख हलालला हात लावणार नाही, ज्यूला हलालही नाही आणि एका घावात कापलेलं झटकाही नाही, माळकऱ्याला आणि लिंगायताला मुळातच नाही. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये डाळ-रोटीवर सगळी दुनिया एका ओळीत जेवते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भाजी आणि वरण नाहीतर दही यावर आपलंही बरंच निभतं.

बाजारच्या वस्तूंना मात्र पाकीट वाचा. हिरवा ठिपका म्हणजे मांस-मासे-अंडी नाही एवढंच, लसूण-कांदा किंवा दूध नाही असा त्याचा अर्थ नाही. पनीर घरी लिंबू पिळून करता येतं, दही विरजणानं लागतं, त्यात शंका नाही. बाहेरच्या जेलीत जिलेटिन कशाचं आहे ते बघा. आणि डबीतला बांधणीचा हिंग. त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. एरवी कुणाचं अडत नाही, पण ज्यूंच्या पेसाख सणाच्या आठवड्यात गहू-सातूचं फुगलेलं, आंबलेलं काही घरातसुद्धा ठेवत नाहीत. तेव्हा त्या दिवसांत फोडणीत हिंग नको. आपल्या एकादशीलाही तो धान्याचाच, हे कितीजण बघतात?

शनिवारचंही लक्षात ठेवा. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो, मग शनिवारी अंधार पडेपर्यंत चूल, प्रवास, सगळं बंद. आमची अमावस्या गुरुवारची होती. हुरड्याला चार दिवस राहा म्हणून ह्यांनी खूप धरलं, पण वहिनींना शुक्रवारी दिवस असतानाच ठाण्याच्या घरी पोहोचायचं होतं. मी ह्यांना खुणेनंच गप्प केलं, दोघांना गुरुवारी रात्रीच्या मुंबई गाडीत बसवून दिलं, बरोबर सोललेल्या शेंगा आणि न कापलेले पेरू दिले. पुढच्या वेळी रविवारी या आणि गुरुवारी निघा, असं सांगून ठेवलंय.