बॅग भरो आंदोलन

"छत्तिसावा आठवडा लागला की बॅग भरून दाराशी ठेवा," असं डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या आणि आमच्या घरात फूट पडली. बॅगेत काय भरायचं यावर कुणाचं फारसं दुमत नव्हतं. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी ही यादी घरातल्या बायकांना पाढ्यांसारखी पाठ असते. भांडण जुंपलं ते बॅग कोणती न्यायची यावर.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माझं नाव पुण्यातल्या हॉस्पिटलात घातलेलं, म्हणून माहेरच पुण्याला आलं. आई कराडहून निघाली हे कळल्याबरोबर सासूबाई नाशिकहून निघाल्या. दोघींनाही मी 'आई'च म्हणते. त्यामुळे एक हाक मारली की दोघी येतात, आणि रिकाम्या हातानं येत नाहीत, एकेक मत घेऊन येतात.

आता इतक्या लवकर बॅग कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण हिशेब असा की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून तारीख काढतात, आणि नेमकी त्या तारखेला हजर होणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ आठवडे पुरे झाल्यावर कधीही आलं तरी ते वेळेवरच आलं म्हणायचं. लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा अर्धा तास इकडेतिकडे चालतो, पण त्याच्या काही आठवडे आधीपासून कुणी अक्षता हातात धरून बसत नाही. बॅगेचं मात्र तसं करावं लागतं. रजेचंही तेच. २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं २६ आठवडे मिळतात, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ घेता येतात. ते आराम करण्यासाठी असावेत असा माझा समज होता.

पहिली उमेदवारी नवऱ्याच्या ट्रेकिंगच्या सॅकची. साठ लिटरची. तिचे गुण सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "अगं, हिला कमरेला पट्टा आहे. खांद्यावर वजनच येत नाही." कमरेला! सातव्या महिन्यापासून माझी कमर मलाच भेटलेली नाही. शिवाय या सॅकला तोंड एकच, तेही वर. जे हवं ते तळाशी असतं. राजगडावर टॉर्चसाठी त्यानं अख्खी सॅक उपसून पद्मावती माचीवर संसार मांडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. सासूबाईंनी सॅक उलटी करून बाल्कनीत झटकली. मूठभर माती, एक खडा आणि वाळून काळी पडलेली लिंबाची फोड निघाली. "यात बाळाची दुपटी?" एवढंच त्या म्हणाल्या. उमेदवारी अर्ज बाद.

मग आईनं कराडहून आणलेली तिच्या लग्नातली कडक सुटकेस पुढं आली. दणकट, मरून रंगाची, तीन आकडी नंबराचं कुलूप असलेली. नंबर बाबांना माहीत होता, म्हणजे पूर्वी माहीत होता. फोनवर त्यांनी आधी माझी जन्मतारीख सांगितली, मग घराचा नंबर, मग जुन्या स्कूटरचा. शेवटी नवरा क्रिकेटची मॅच लावून बसला आणि ०००पासून एकेक आकडा फिरवत गेला. दुसऱ्या इनिंगमध्ये खटका उडाला. आत डांबरगोळ्यांचा वास, गौरींचे मुखवटे गुंडाळायचं एक मऊ फडकं आणि बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी, "कुलुपाचा नंबर", पुढे नंबर. कळा सुरू झाल्यावर हे कुलूप कोण उघडणार या प्रश्नावर आईसुद्धा गप्प बसली.

ट्रॉलीबॅग जिंकेल असं मला मनातून वाटत होतं. चाकं आहेत, दिसायला बरी आहे, दोन्ही बाजू भरता येतात. पण आम्ही हॉस्पिटलात खोली बघायला गेलो. सेमी-स्पेशल. मध्ये पडदा, अलीकडे पलीकडे एकेक कॉट, कॉटशेजारी लोखंडी लॉकर, पाळणा, आणि नातेवाइकासाठी एक बाक, ज्याला रात्री पलंग म्हणायचं. नवऱ्यानं खिशातून टेप काढली. पडद्यापलीकडच्या बाईंचे सासरे आपल्या जागेवर अतिक्रमण होतंय की काय या शंकेनं उठून उभे राहिले. ट्रॉली उघडली की ती दोन्ही बाजूंना आडवी पसरते. जमिनीवर उघडावी तर सिस्टरांना पाऊल ठेवायला जागा नाही, बाकावर उघडावी तर बसणाऱ्यानं पाळण्यात बसायचं. कॉटखाली ढकलावी तर कॉट वरखाली करायचा दांडा मधोमध आडवा.

डोहाळजेवणात मिळालेल्या टेडीच्या डायपर बॅगेचा विचार फार झाला नाही. तिला जागोजागी बाटल्यांचे कप्पे आहेत, आणि हॉस्पिटलात शिरताच समोर पाटी, बाटली आणि वरचं दूध आणू नये. अमेरिकेतल्या मावसबहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, बॅगेचं जाऊ दे, कारमधली बाळाची सीट घेतलीस का? तिच्याशिवाय तिकडं बाळ घरी नेऊ देत नाहीत म्हणे. आमच्याकडे बाळ आजीच्या मांडीवरून येणार, आणि त्या सीटसाठी दोन अर्ज आधीच आलेले आहेत.

सासूबाईंचा पक्ष पिशव्यांचा. प्रत्येक मराठी घरात पिशव्यांची एक पिशवी असते, ती त्यांनी पलंगावर पालथी केली. एक पिशवी बाळाची, एक बाळंतिणीची, एक थर्मास आणि वाटी-चमच्याची, एक रिकामी, ओल्या कपड्यांसाठी. आणि या सगळ्या ठेवायला एक मोठी पिशवी. पद्धत बिनतोड होती. अडचण एवढीच की बाळंतिणीच्या पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, "लग्नाच्या बस्त्याचे एकमेव ठिकाण". नववा महिना भरलेल्या बाईनं ती हातात धरून लिफ्टमध्ये उभं राहायचं म्हणजे बघणाऱ्यांनी काय समजायचं?

इतका काथ्याकूट होईपर्यंत एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ही बॅग उघडणार कोण? भरणार मी, आणि ऐन वेळी मी आत असणार. नॉर्मल झालं तर दोन-तीन दिवस, सिझेरियन झालं तर चार-पाच दिवस मुक्काम, पण बॅगेची खरी परीक्षा एका मिनिटाची असते. लेबर रूमचं दार किलकिलं होतं, सिस्टर मान बाहेर काढते आणि म्हणते, "बाळाचे कपडे द्या." त्या वेळी रात्रीचे तीन वाजलेले असणार, दोन्ही आया घरून निघून वाटेत असणार, आणि दारासमोर उभा असणार माझा नवरा. हा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून घरभर टॉवेल शोधतो. फ्रिज उघडून "दही संपलंय" म्हणतो, तेव्हा दही त्याच्या नाकासमोर असतं.

हे बोलून दाखवल्याबरोबर दोन्ही आयांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "खरंय हो विहीणबाई," आई म्हणाली, "आमच्याकडेही हेच आहे."

मग चक्रं फिरली. माळ्यावरून नवऱ्याची ऑफिसच्या टूरची जुनी एअरबॅग निघाली. चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उघडली की अख्खं तोंड वासतं. आत पिशव्यांच्या जागी सासूबाईंनी साडी कव्हरं आणली. पारदर्शक, चेनची, आत काय आहे ते आंधळ्यालाही दिसावं अशी. एका कव्हरात एक झबलं, एक टोपडं, एक लंगोट, दोन दुपटी, असे संच लावले. दुपटी आईच्या जुन्या सुती साडीची, उकळून उन्हात वाळवलेली. झबली दिराच्या मुलाची उतरलेली, कारण बाळ यायच्या आधी नवं काही आणायचं नाही. मला ही रीत पटते. नव्या कापडाला खळ असते, आणि बाळाला ब्रँड कळत नाही. माझे पुढून उघडणारे गाऊन आणि पॅड दुसऱ्या कव्हरात. सोनोग्राफी, रक्तगट, आधार, मेडिक्लेमची फाइल बाहेरच्या कप्प्यात. सासूबाईंच्या सहा साड्या त्या दिवसापासून उघड्यावर आल्या आहेत, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगतात.

रंगीत तालीम झाली. सासूबाई सिस्टर. बेडरूमचं दार किलकिलं करून त्यांनी मान बाहेर काढली. "नातेवाईक कोण? बाळाचे कपडे द्या, लवकर!" नवऱ्यानं झटकन चेन उघडली आणि माझा गाऊन दिला.

"बाळ केवढं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं मेडिक्लेमची फाइल दिली, जी खरं तर तिथं लागतेच, पण त्या दाराशी नाही. मग आईनं बाळाच्या कव्हरांवर लाल टिकल्या चिकटवल्या. तिसऱ्यांदा बरोबर संच बाहेर आला. तो इतका खूश झाला की सिस्टरलाच विचारलं, "झबल्याच्या नाड्या पुढं येतात की मागं?"

"ते आमचं आम्ही बघतो," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही काउंटरवर डिपॉझिट भरा."

आता बॅग दाराशी आहे. तिच्यावर अडखळून दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी आम्हाला आशीर्वाद दिलेत. नवऱ्याची तालीम रोज चालते, पण झबलं आणि टोपडं यांतला फरक अजून पक्का झालेला नाही. परवा रात्री मात्र मला जाग आली, तर हॉलमधून कुरूमकुरूम आवाज येत होता. बॅगेच्या अगदी तळाशी, माझ्या गाऊनच्या घडीत, दोन कव्हरांच्या खाली ठेवलेला बिस्किटांचा पुडा त्यानं दिवा न लावता पहिल्या फटक्यात शोधून काढला होता.