नावात सिटी, पण सिटी नाही : पोलीस आणि कोर्टाच्या कागदांबद्दलचा एक फॉरवर्ड

कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज दर काही महिन्यांनी उगवतो. बहुधा बे एरिया ते लॉस एंजेलिस या रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीला धक्का बसलेला असतो आणि इन्शुरन्सवाल्याने रिपोर्ट मागितलेला असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर असा:

"सिटीच्या हद्दीबाहेर अनइनकॉर्पोरेटेड वस्तीत काही घडलं तर तिथे पोलीसच नसतात, म्हणून रिपोर्ट निघत नाही. हवाच असेल तर वॉशिंग्टनला एफओआयए टाका, २० दिवसांत द्यावाच लागतो. हे फक्त सिटिझन लोकांसाठी, व्हिसावाल्यांनी भानगडीत पडू नये. कायद्याने कुणालाही १० दिवसांत पूर्ण पोलीस रिपोर्ट मिळतो. कोर्टाचं सगळं ऑनलाइन असतं. तिथे दिसलं नाही तर केस नाहीच, निश्चिंत राहा."

'फक्त सिटिझन' आणि 'कुणालाही' ही दोन विधानं शेजारी शेजारी बसली आहेत आणि पुढे ढकलणाऱ्या कुणाला ती खटकलेली नाहीत. तेही असो. यातलं एकेक घेऊ.

"तिथे पोलीसच नसतात."

केटलमन सिटी आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. इंटरस्टेट ५ वर अर्ध्या वाटेत गाडी चार्जिंगला लावायची, डब्यातले ठेपले काढायचे, आजी-आजोबांचे पाय मोकळे करायचे, ती जागा. नावात सिटी असली तरी कायद्याने ती सिटी नाही, अनइनकॉर्पोरेटेड वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही, महापौर नाही, स्वतःचं पोलीस खातं नाही. आपल्याकडे एखाद्या वाडीला स्वतःची ग्रामपंचायत नसली तर ती शेजारच्या गावांबरोबर गट ग्रामपंचायतीत तरी असते. इथे मधली पायरीच नाही. वस्तीवर थेट काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा कारभार. केटलमन सिटी किंग्ज काउंटीत येते आणि त्या काउंटीचं मुख्य ठिकाण हॅनफर्ड आहे, तिथून ३०-३५ मैलांवर.

पोलिसांचं काम अशा वस्त्यांत काउंटीचा शेरीफ करतो. तो मतदारांनी निवडून दिलेला असतो. घरफोडी, मारामारी, धमकी, हरवलेला माणूस, या सगळ्याची नोंद शेरीफच्या रेकॉर्ड विभागात होते. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांत कॉरोनरही तोच असतो, म्हणजे आकस्मिक मृत्यूचे कागदही तिथेच. आणि 'अनइनकॉर्पोरेटेड' म्हणजे ओसाड रान असंही समजू नका. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये लाखाहून अधिक लोक राहतात आणि तेही अनइनकॉर्पोरेटेड आहे. आपल्या लोकांनी गजबजलेलं माउंटन हाउस १ जुलै २०२४ ला सिटी झालं. त्याआधीच्या नोंदी सॅन वाकीन काउंटीच्या शेरीफकडे.

खरा घोळ अपघाताचा होतो. सिटीच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यांवरचे अपघात कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल, म्हणजे सीएचपी बघतं, शेरीफ नाही. मग लोक शेरीफला फोन करतात, तिथला क्लार्क खरंखरं सांगतो की आमच्याकडे असा रिपोर्ट नाही, आणि त्याचा अर्थ 'रिपोर्टच नाही' असा काढून तो ग्रुपवर येतो. हा फॉरवर्ड अशाच एखाद्या फोनातून जन्मला असावा, असा माझा अंदाज आहे.

दुसरा घोळ हद्दीचा. त्या रस्त्यावर तासाभराच्या आत तुम्ही फ्रेझ्नो, किंग्ज आणि कर्न अशा तीन काउंट्या ओलांडता. केटलमन सिटी किंग्जमध्ये, पण दक्षिणेला अर्ध्या तासावरचं लॉस्ट हिल्स कर्नमध्ये, त्याचं मुख्य ठिकाण बेकर्सफील्ड. टपालाच्या पत्त्यावर तर मुळीच विसंबू नये. पत्त्यात बेकर्सफील्ड लिहिलेली कितीतरी घरं बेकर्सफील्डच्या हद्दीबाहेर आहेत, कारण पत्त्यातलं गाव टपाल खात्याच्या सोयीने ठरतं. घटनेची जागा काउंटीच्या नकाशावर बघावी. रस्त्यावरच अधिकाऱ्याने हातात दिलेली चिठ्ठी असेल तर सोन्याहून पिवळं, तिच्यावर खात्याचं नाव आणि रिपोर्ट नंबर दोन्ही असतात.

"वॉशिंग्टनला एफओआयए टाका."

एफओआयए म्हणजे अमेरिकेचा १९६६ चा माहिती अधिकाराचा कायदा, आणि तो केंद्र सरकारच्या कार्यकारी खात्यांपुरता आहे. राज्य, काउंटी, शेरीफ यांना तो लागू नाही, आणि कोणत्याही कोर्टाला नाही. मेसेजमधले २० दिवस, खरं तर कामकाजाचे २० दिवस, त्या कायद्यातले आहेत हे खरं. पण तेवढे थांबून हाती काय येणार, तर 'आमच्याकडे अशी नोंद नाही' एवढं उत्तर. शेरीफ आणि सीएचपीला लागू होतो तो राज्याचा कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, १९६८ चा. जानेवारी २०२३ पासून त्याच्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुने नमुना-अर्ज उतरवताना जपून.

"फक्त सिटिझन."

कॅलिफोर्नियात कोणतीही व्यक्ती मागू शकते. कशासाठी हवंय ते सांगायची सक्ती नाही, ठरावीक फॉर्मची नाही, आणि शोधायला वेळ लागला म्हणून त्याचे पैसे मागता येत नाहीत, प्रत काढण्याचा खर्च तेवढा घेतात. फॉरवर्डमध्ये सत्याचा कण आहे तो दुसऱ्या राज्यांतला. व्हर्जिनियाचा कायदा त्या राज्याच्या नागरिकांपुरताच आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो ग्राह्य धरला. पण तिथेही 'नागरिक' म्हणजे व्हर्जिनियाचा. कॅलिफोर्नियात राहणारा अमेरिकन सिटिझनही त्या व्याख्येत बसत नाही.

"१० दिवसांत पूर्ण पोलीस रिपोर्ट कुणालाही."

या वाक्याने सगळ्यात जास्त मनस्ताप होतो, कारण ते अर्धं बरोबर आहे. १० दिवस आहेत, पण ते देणार की नाही हे कळवण्याचे. त्यात १४ दिवसांची वाढ घेता येते आणि प्रत्यक्ष कागद त्यानंतरही येऊ शकतात. आणि 'पूर्ण रिपोर्ट कुणालाही' तर साफ चूक. तपासाच्या फायली या कायद्यातून वगळल्या आहेत. त्यातली काही माहिती मात्र द्यावीच लागते: कुणाला अटक झाली, कधी, कोणत्या आरोपाखाली, मदतीचा फोन केव्हा आला, काय घडल्याचं कळवलं. शेजाऱ्याच्या घरी परवा पोलिसांची गाडी का आली होती, एवढं साधारण कळेल. त्याचा जबाब वाचायला मिळणार नाही.

ज्याचं नुकसान झालं, जो त्या घटनेत होता, त्याचा हक्क याहून मोठा आहे. अपघाताचा रिपोर्ट तर सरसकट गोपनीय असतो, पण चालक, जखमी, गाडीचा मालक, त्यांची इन्शुरन्स कंपनी आणि वकील यांना तो मिळतो. सीएचपीचा १९० नंबरचा अर्ज त्यासाठीच आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका घरी हेच झालं. पुण्याहून आलेल्या काकू मागच्या सीटवर होत्या, मनगट मोडलं. मुलगा पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज करून बसला आणि नकार आल्यावर हिरमुसला. "आई तर टुरिस्ट व्हिसावर आहे, म्हणूनच दिलं नसेल," असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. व्हिसाचा काही संबंध नव्हता. काकू जखमी, म्हणजे हक्काच्या मागणीदार. अर्ज त्यांच्या नावाने, योग्य फॉर्मवर गेला आणि रिपोर्ट आला. प्रवासी विम्याचा दावा त्यावरच पुढे सरकला.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही, पण ती ग्रुपवर फिरायला हवी. घरातल्या मारहाणीची तक्रार केली असेल तर पीडित व्यक्तीला रिपोर्टची प्रत कॅलिफोर्नियात मोफत मिळते. पहिलं पान साधारण ४८ तासांत, पूर्ण रिपोर्ट कामकाजाच्या ५ दिवसांत. सबळ कारण असेल तर खात्याला थोडी मुदतवाढ असते, एवढंच. हा हक्क पब्लिक रेकॉर्ड्सच्या कायद्यातला नाही, कुटुंबविषयक कायद्यातला आहे. खिडकीवर "दहा दिवसांनी या" असं ऐकलं तर तेवढं सांगावं. नवऱ्याची सही लागत नाही. व्हिसा त्याच्या नावावर अवलंबून असला तरी लागत नाही.

"ऑनलाइन दिसलं नाही, म्हणजे केस नाही."

आधी नंबरांचा गोंधळ निस्तरू. शेरीफचा रिपोर्ट नंबर आणि कोर्टाचा केस नंबर हे दोन वेगळे नंबर आहेत. मधे डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे काउंटीचा सरकारी वकील असतो. त्याने आरोप दाखल केले तरच कोर्टात केस उभी राहते. अटक होऊनही केस नसते, आणि महिन्यांनी अचानक होतेही. रिपोर्ट नंबर कोर्टाच्या शोध-खिडकीत टाकून 'नो रेकॉर्ड' बघितल्यावर पेढे वाटणारे मी पाहिले आहेत.

फौजदारी केसची कागदपत्रं घरबसल्या दाखवू नयेत, असाच इथल्या कोर्टांचा नियम आहे. सूची आणि तारखा ऑनलाइन दिसू शकतात, पण आतले कागद कोर्टात जाऊनच बघायचे. राज्यात ५८ काउंट्या, प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट. केटलमन सिटीतली केस म्हणजे किंग्ज काउंटीचं कोर्ट. पब्लिक रेकॉर्ड्सचा कायदा कोर्टांना लागू नाही, पण कोर्टाचे कागद मुळात खुलेच धरलेले असतात. क्लार्कच्या खिडकीवर नाव किंवा केस नंबर द्यायचा. साध्या प्रतीला पानाला ५० सेंट, आणि शोधायला १० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर. अल्पवयीन मुलांच्या केस आणि सीलबंद फायली मिळत नाहीत.

'निश्चिंत राहा' हे सांगणं तर धोक्याचं आहे. केस रद्द झाली, शिक्षा पुसली गेली, फाइल लोकांच्या नजरेआड गेली, तरी ग्रीन कार्डच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतातच, आणि निकालाची कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत मागतात. तोपर्यंत फाइल शिल्लक असेलच असं नाही. बऱ्याचशा मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यांच्या केसची कागदपत्रं ५ वर्षांनी नष्ट करायची मुभा कोर्टाला आहे, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसची १० वर्षांनी. नष्ट झाली असतील तर तसं लिहिलेलं पत्र क्लार्ककडून घ्यावं लागतं. म्हणून केस संपली त्याच आठवड्यात दोन प्रमाणित प्रती काढाव्यात, एक वकिलाकडे आणि एक पासपोर्टच्या पाकिटात.