हिप्पींचा दवाखाना

हिप्पी म्हटलं की आपल्याकडे चिलीम, वाढलेल्या जटा आणि हणजूणचा किनारा एवढंच डोळ्यांपुढे येतं. गोव्यातल्या लोकांचा त्यांच्यावरचा राग मला खोटा वाटत नाही. पण त्या पोरांनी जगाला दिलं काय, असं कुणी विचारलं तर मी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दवाखान्याचं नाव घेईन.

१९६७ च्या उन्हाळ्यात त्या शहरातल्या हेट-ॲशबरी या वस्तीत सुमारे १ लाख तरुण येऊन थडकले. व्हिएतनामची लढाई नको, आईबापांनी आखून दिलेलं आयुष्य नको, एवढं पक्कं होतं. राहायचं कुठे, खायचं काय, याचा पत्ता नव्हता. डिगर्स नावाचा गट पार्कात फुकट जेवण वाढायचा. (बाजारातून भाजीपाला मिळवणं आणि रांधणं मात्र मुख्यतः बायकांच्याच गळ्यात. हेही सांगायलाच हवं.)

मग दुखणी सुरू झाली. कावीळ, गुप्तरोग, अनवाणी फिरून चिघळलेले पाय, एलएसडी हे भास घडवणारं नशेचं रसायन घेऊन भेदरलेली पोरं. सरकारी इस्पितळात गेलं तर तुच्छतेची वागणूक, वर पोलिसांची धास्ती. म्हणून डॉ. डेव्हिड स्मिथ या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरनं ७ जूनला क्लेटन स्ट्रीटवर दवाखाना उघडला. फी नाही, प्रवचन नाही. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे त्यांचं ब्रीद. नशेत घाबरलेल्या मुलाला शांत खोलीत बसवायचं आणि नशा उतरेपर्यंत कुणीतरी शेजारी बसून त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचं, हाच उपचार. खर्चासाठी रॉक बँड कार्यक्रम करून पैसे उभे करत.

त्याच ऑक्टोबरात डिगर्सनी हिप्पीची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. दवाखाना मात्र कित्येक दशकं चालला आणि अमेरिकेतल्या शहराशहरांत तसे फुकट दवाखाने निघाले. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नाही, हे डॉ. स्मिथ आयुष्यभर सांगत राहिले. मला या चळवळीचं सगळ्यात मोठं देणं तेच वाटतं, संगीत आणि कपड्यांपेक्षा कितीतरी मोठं.

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानंही व्यसनी माणसाला आधी माणूस मानलं. तरी आजही कितीतरी घरांत पोराला आधी बडवतात, मग लपवतात, आणि डॉक्टरकडे नेतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात अशी एक खोली हवी, जिथे केसपेपर काढताना कुणी त्याला "लाज नाही वाटत?" असं विचारणार नाही.