ऑक्सफर्डचे अर्ल राणीने बुडवलेले नाहीत

माझ्या बारावीतल्या भाचीने प्रकल्पवहीत एक फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवला. ‘मामा, आईला आलाय, खरंच असेल ना?’ नाही गं. त्यात लिहिलंय की शेक्सपिअरची नाटकं ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल (अर्ल ही इंग्लंडमधली वंशपरंपरागत सरदारकीची पदवी) एडवर्ड डी व्हीअर याने लिहिली. गुपित दडपायला म्हणे राणी पहिल्या एलिझाबेथने ही पदवी काढून घेऊन घराणं बुडवलं. ऑक्सफर्ड विद्यापीठ म्हणे याच घराण्याने काढलं. आणि आजचा अर्ल म्हणे त्याचाच वंशज.

सगळ्यात संताप येतो तो राणीच्या गोष्टीचा. राणी वारली १६०३ मध्ये. पदवी लयाला गेली १७०३ मध्ये. मधल्या शंभर वर्षांत आणखी तीन अर्ल होऊन गेले! एडवर्डचा मुलगा हेन्री १६२५ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा चुलतघराण्यातला रॉबर्ट डी व्हीअर आणि हेन्रीचा आतेभाऊ लॉर्ड विलोबी यांच्यात वारसाहक्काचा वाद लागला. १६२६ मध्ये सरन्यायाधीश रँडॉल्फ क्रू यांनी या खटल्यात केलेलं भाषण आजही उद्धृत होतं. बोहून कुठे आहे, मोब्रे कुठे आहे, मॉर्टिमर कुठे आहे, असं नामशेष झालेल्या बड्या सरदार घराण्यांबद्दल विचारत त्यांनी देवाची मर्जी असेतो डी व्हीअर हे नाव टिको, असं म्हटलं. पदवी रॉबर्टला मिळाली. राणीने ती रद्द केली असती, तर हे भांडले कशासाठी? भाचीने १६०३ आणि १७०३ एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि तो परिच्छेद स्वतःच खोडला.

पदवी पुरुष वारसालाच जाणारी होती. विसावा अर्ल ऑब्री गेला तेव्हा मागे मुलगी डायना होती, मुलगा नव्हता. इतकंच झालं.

शेक्सपिअरचं म्हणाल, तर एडवर्ड कविता करायचा, नटमंडळी पदरी बाळगायचा, हे मान्य. पण १५९८ मध्ये फ्रान्सिस मिअर्स या इंग्रज लेखकाने विनोदी नाटककारांची यादी दिली, तीत ऑक्सफर्ड आणि शेक्सपिअर ही दोन वेगळी नावं आहेत. एडवर्ड १६०४ मध्ये वारला. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात तर १६०९ च्या बर्म्युडाजवळच्या जहाजफुटीच्या वर्णनांचे पडसाद आहेत.

विद्यापीठाचं काय सांगायचं? पदवी ११४१ ची, ऑक्सफर्डमधलं अध्यापन त्याआधीचं. घराण्याचा किल्लाही ऑक्सफर्डला नव्हे, एसेक्समधल्या हेडिंगहॅमला.

आणि ‘आजचा अर्ल’? ती ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड अँड ॲस्क्विथ’ ही निराळी पदवी, १९२५ मध्ये माजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांना दिलेली.