शिकवणं थांबवा, पडदे बघा

शाळेत ४० लॅपटॉप आले, नारळ फुटला, फोटो निघाले. आता तासाला मुलं त्यावर नेमकं काय करतात ते कळायला हवं. यावरचा जुना उपाय म्हणजे शिक्षकानं बाकांच्या मधून फिरत राहणं. पण त्यात गुडघे दुखतात, शिवाय मुलांशी बोलावं लागतं. तेव्हा तुम्ही मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे मुलांचे पडदे बसल्या जागी तुमच्या पडद्यावर दिसतील. व्हेयॉन घ्या. जर्मनीत तयार झालेलं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि फुकट. आधी ते आयटाल्क म्हणून चालायचं, २०१७ पासून या नावानं मिळतं. फुकट असल्यामुळे संस्थेच्या बैठकीत कोणी हरकत घेत नाही, आणि फुकट असल्यामुळेच ते नीट बसवून द्यायला कोणाला चार पैसे द्यावेत असंही कोणाच्या मनात येत नाही.

व्हेयॉनचे भाग तीन. सर्व्हिस मुलांच्या लॅपटॉपवर चालते, मास्टर, म्हणजे पडदे बघायचा आणि लॉक करायचा भाग, फक्त शिक्षकाच्या, आणि सगळी मांडणी कॉन्फिगरेटरमध्ये होते. सेटअप चालू केला की कुठले भाग हवेत ते विचारलं जातं, आणि मुलांच्या लॅपटॉपवर मास्टरसमोरची टिक काढायची असते. तुम्ही काढू नका. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' हीच आपल्याकडची मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि ४० वेळा करायचं म्हटल्यावर तीच परवडते.

मग किल्ल्या. कॉन्फिगरेटर किल्ल्यांची जोडी बनवून देतो, म्हणजे पडदे कोणाला बघता येतील ते ठरवणाऱ्या दोन फाइली. प्रायव्हेट की शिक्षकाच्या लॅपटॉपवर राहते, पब्लिक की प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर जाते. ज्याच्याकडे मास्टर आणि प्रायव्हेट की, तो सर. फाइली दोन, पेन ड्राइव्ह एक, वेळ संध्याकाळी साडेपाचची. कुठली कुठे टाकायची यावर डोकं खाजवण्यापेक्षा दोन्ही सगळीकडे टाकून मोकळे व्हा. आता नववी ब मधला जो कोणी स्टार्ट मेन्यू उघडून बघेल त्याला तुमच्याइतकेच अधिकार मिळाले. पहिले दोन दिवस तो शेजाऱ्याचा पडदा लॉक करून हसेल. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येईल की सर्व्हिस तुमच्याही लॅपटॉपवर बसलेली आहे (बसणारच, तुम्ही फिनिश दाबलं होतं) आणि घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तुम्ही टाइप करत असताना आरामात वाचता येते. झेरॉक्सवाल्याशी ओळख काढायचीही गरज उरत नाही.

महागडं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर असं झालं नसतं, असं एखादे विश्वस्त म्हणतील. त्यांना सांगा की २०२१ मध्ये मॅकअफी या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी नेटॉप व्हिजन प्रो हे पैसे मोजून घ्यायचं वर्ग-सॉफ्टवेअर तपासलं, तेव्हा मुलांच्या पडद्यांची चित्रं नेटवर्कवरून कुठल्याही एन्क्रिप्शनशिवाय उघडी जात होती, आणि आपणच शिक्षक आहोत असं भासवणंही शक्य होतं. कंपनीनं दुरुस्त्या काढल्या. त्या मिळवायला मात्र अपडेट करावं लागतं, म्हणून हा विषय इथेच सोडू.

मुलांना विंडोजचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचंच द्या. टायपिंगचं ते जुनं सॉफ्टवेअर साध्या खात्यावर चालत नाही, हे कारण पुरेसं आहे. अ‍ॅडमिन खात्यातून सर्व्हिसेसची यादी उघडून व्हेयॉन सर्व्हिसवर 'स्टॉप' दाबायला वेळ लागत नाही. तुमच्याकडे त्या मुलाच्या पडद्याचा चौकोन रिकामा दिसेल. तुम्ही समजाल की वाय-फाय गेलं. साध्या, म्हणजे स्टँडर्ड खात्यावरून हे करता येत नाही. म्हणूनच ते खातं देऊ नका, मुलांची जिज्ञासा मारली जाते.

आता नावं. विंडोज प्रत्येक लॅपटॉपला आपणहून 'डेस्कटॉप' किंवा 'लॅपटॉप' आणि पुढे अक्षर-आकड्यांचं कडबोळं असं नाव देतं. ते बदलू नका. झाकणावर १ ते ४० चे स्टिकर लावून तेच नंबर कॉम्प्युटरच्या नावात टाकणं, आणि व्हेयॉनच्या यादीत त्या नावानंच नोंद करणं, ही एका दुपारची कटकट आहे. त्यापेक्षा त्या दिवशी राऊटरनं जे आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचे आकडी पत्ते, वाटले असतील तेच यादीत उतरवून घ्या. गुरुवारी भारनियमनात राऊटर बंद पडून पुन्हा चालू झाला की तो पत्ते नव्यानं वाटू शकतो. मग सत्तावीस नंबरचा मुलगा क्रिकेटचा स्कोअर बघतो आणि पडदा चौदा नंबरचा लॉक होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण वर्गात धाक बसतो. राऊटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसनुसार, म्हणजे प्रत्येक लॅपटॉपच्या वाय-फायच्या स्वतःच्या नंबरानुसार, पत्ते कायमचे बांधून ठेवता येतात. कोणी तेही केलंच, तर विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' नावाचं एक बटण आहे. ते चालू असलं की मॅक अ‍ॅड्रेसच बदलतो आणि सगळं बांधलेलं सुटतं. ते बटण तपासायला कोणी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

राऊटर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येच असू द्या, गोदरेजच्या कपाटावर. इंटरनेट कंपनीनं कनेक्शनसोबत दिलेला घरगुती राऊटर दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून ४० लॅपटॉप सांभाळेल असा विश्वास ठेवा. त्यावर पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क असतं, मुलांना त्याचाच पासवर्ड द्या. गेस्ट नेटवर्कवर बहुतेक वेळा क्लायंट आयसोलेशन चालू असतं, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना इंटरनेट मिळतं पण एकमेकांशी बोलता येत नाही. व्हेयॉनला नेमकं तेच बोलणं हवं असतं, पोर्ट १११०० वरून, म्हणजे त्या नंबरच्या दारातून. इंटरनेट छान चालतंय आणि एकही पडदा दिसत नाही, अशी अवस्था आली की सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवा. पुन्हा काढा, पुन्हा बसवा. राऊटरच्या पानावर जाऊन एक टिक काढणं हा शेवटचा उपाय समजा.

समजा, सगळं जुळलं. ४० चौकोन दिसायला लागले. हा क्षण ज्यानं बघितला त्यालाच कळतं की माणसं सीसीटीव्हीच्या खोलीत तासन् तास का बसतात. फक्त एक छोटा हिशेब करू नका. तुमचा पडदा १३६६ बाय ७६८ चा, ओळीत आठ चौकोन धरले तर एकाच्या वाट्याला १७० पिक्सेल रुंदी येते. मुलाचा पडदाही तितकाच मोठा, म्हणजे चित्र एक अष्टमांश. त्याच्याकडचं सोळा पिक्सेल उंचीचं अक्षर तुमच्याकडे दोन पिक्सेलचं. तुम्हाला पांढरं, निळं आणि रंगीबेरंगी एवढाच भेद कळेल. पांढरं म्हणजे अभ्यास, रंगीबेरंगी म्हणजे गुन्हा. त्यामुळे महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा उघडून बसलेली मुलगी ओरडा खाईल, आणि गूगल डॉक्सच्या एकाच सामायिक पानावर पाच जण मिळून गप्पा मारत असतील त्यांना तुम्ही शाबासकी द्याल. गूगल डॉक्स पांढरं असतं. कोणी काय टाइप केलं ते वाचून झाल्यावर पुसलं की पान कोरं.

मुलंही तोवर शिकलेली असतात. विंडोज, कंट्रोल आणि डी एकदम दाबलं की दुसरा कोरा डेस्कटॉप उघडतो. विंडोज, कंट्रोल आणि बाणानं इकडून तिकडे जाता येतं. तुम्हाला समोर जो असेल तोच दिसतो. तुम्ही मान वर केली की बाण, खाली केली की बाण. आणि मांडीवरच्या मोबाइलसाठी व्हेयॉनकडे कुठलीच सोय नाही. पण मांडीवर काय आहे हे बघायला बाकापर्यंत जावं लागेल, आणि तेच टाळायला आपण एवढा खटाटोप केला.

साइट बंद करण्याचा उत्साहही असू द्या. प्रथम यूट्यूब बंद करा. विज्ञानाच्या मॅडमनी रात्री जागून निवडलेला पचनसंस्थेचा व्हिडिओ त्यावरच असतो, तो तासाला उघडणार नाही, त्या फळ्यावर आकृती काढतील आणि ती जास्त चांगली निघेल, हा एक बोनस. गेमच्या साइट बंद कराल तर त्याच खेळांच्या नकला गूगल साइट्सवर सापडतात, आणि गूगल बंद करून चालत नाही. शेवटी वैतागून इंटरनेटच तोडा. इंटरनेट तुटलं की क्रोममध्ये तो डायनासोर येतो आणि स्पेसबार दाबला की पळायला लागतो. ४० डायनासोर निवडुंगावरून उड्या मारताहेत हे दृश्य चौकोनांत फार सुंदर दिसतं. ते बंद करण्याची पॉलिसी, म्हणजे अ‍ॅडमिननं लावायचा नियम, क्रोममध्ये आहे, पण पॉलिसी म्हटलं की आपल्याकडे एलआयसी आठवते.

डेमो हे व्हेयॉनमधलं खरं तर सगळ्यात उपयोगी बटण: तुमचा पडदा मुलांच्या पडद्यावर दिसतो. खिडकीतला डेमो घेतला तर मूल एका बाजूला बघत दुसऱ्या बाजूला करूनही पाहू शकतं. म्हणून तुम्ही नेहमी फुल स्क्रीनच घ्या. त्यात मुलांचा कीबोर्ड-माऊस बंद होतो आणि शिकण्याचा धोका राहत नाही. वर गोदरेजच्या कपाटावरून येणारं वाय-फाय. तुम्ही एक्सेलमध्ये सूत्र लिहून पुढे गेलात तरी शेवटच्या बाकावर अजून रिकामी शीटच असते. प्रोजेक्टर भिंतीला टांगलेला आहे, पण त्याचा रिमोट ऑफिसात आहे.

तास संपायची बेल झाली की 'पॉवर डाउन' मधला तात्काळवाला पर्याय वापरा. तिथेच मुलाला विचारून बंद करण्याचा आणि ठरलेल्या वेळानं बंद करण्याचाही पर्याय असतो, पण पस्तीस मिनिटांच्या तासात एवढं सौजन्य कोणाला परवडतं? सेव्ह न केलेली ४० प्रेझेंटेशन्स एका क्लिकनं गेली की पुढच्या तासाला काय घ्यायचं हा प्रश्नही सुटतो.

चार्जिंगचं मात्र लक्षात असू द्या. ४० चार्जर, प्रत्येकी ६५ वॅट, म्हणजे २६०० वॅट. सहा अँपिअरचा साधा एक्स्टेन्शन बोर्ड २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंत. सगळे चार्जर एकाच बोर्डावर बोर्डाला बोर्ड जोडून लावले की बोर्ड गरम होतो, वास येतो, शिपाईमामा मेन स्विच पाडतात आणि सकाळी अर्धे लॅपटॉप मेलेले असतात. चौकोन काळे दिसले की त्या मुलांनी मुद्दाम झाकण मिटलं असं समजून पालकांना चिठ्ठी पाठवा.

पालकांना बाकी काही सांगू नका. कॉन्फिगरेटरमध्ये टास्कबारवरचं व्हेयॉनचं चिन्ह लपवायची सोय आहे, ती वापरा. कोणी पडदा बघायला जोडलं गेलं की मुलाला सूचना देण्याचीही सोय आहे, ती वापरू नका. स्क्रीनशॉट काढत राहा. तेरा वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीला काय लिहिलं ते स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, पालक सभेत प्रोजेक्टरवर दाखवा (त्या दिवशी रिमोट सापडतो). डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ च्या कलम ९ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, आणि मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. २०२५ च्या नियमांत शाळांना सूट दिली आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यापैकी कशात बसतो ते शाळेच्या वकिलांना विचारू नका, ते उत्तर देतील.

याहून पुढे जायचं असेल तर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा मंडळाचा आदर्श समोर आहे. त्यांनी मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले, आणि चोरी शोधायच्या सॉफ्टवेअरनं दुरून कॅमेरा चालू करायची सोय ठेवली. पडद्यांची आणि कॅमेऱ्याची मिळून ५० हजारांहून जास्त चित्रं जमा झाली. एका मुलाला त्याच्याच घरातला फोटो दाखवून त्याच्या हातात गोळ्या कसल्या असं विचारण्यात आलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या लिमलेटसारख्या खायच्या गोळ्या होत्या. २०१० मध्ये मंडळानं ६ लाख १० हजार डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. व्हेयॉन शाळेच्या नेटवर्कपुरतंच चालतं, त्यामुळे तेवढी मजल गाठता येत नाही. ही त्याची एक उणीव.

बाक भिंतीकडे तोंड करून इंग्रजी यू सारखे लावले तर मधे उभं राहून सगळे पडदे एका नजरेत येतात. काही सांगायचं असलं की 'झाकणं अर्धी' म्हटलं की ४० पडदे दोन सेकंदांत खाली. या दोन्हींना इन्स्टॉलेशन लागत नाही, आयपी लागत नाही, त्यामुळे लॅबच्या प्रस्तावात ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नाही. वगळा.

आणि ही सगळी मांडणी ज्यांनी केली त्या लॅबच्या सरांना कराराचं नूतनीकरण देऊ नका. प्रायव्हेट की त्यांच्या पेन ड्राइव्हवर आहे, कॉन्फिगरेशनची फाइल एक्स्पोर्ट करून कोणी ठेवलेली नाही. जूनमध्ये नवे सर येतील. ते किल्ल्यांची नवी जोडी बनवतील, आणि पब्लिक की हातात घेऊन एकेक लॅपटॉप उघडत बसतील. अकराव्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल.